चुंबक

शाळा सुटली की दुतोंड्या मारुतीपाशी दप्तरं टाकून
आम्ही गंगेत चुंबक सोडायचो.
बिघडलेल्या स्पीकरमधलं, वाटोळं,
मधल्या भोकात सुतळी ओवलेली.
हिरामण म्हणायचा, ओढायची घाई नको.
तळाला टेकलं की सुतळी सैल पडते,
तिथून दहा मोज.

वर काय यायचं?
केसांची पिन. सोड्याचं बूच.
कुणाच्या तरी पाटाचा गंजका खिळा.
बऱ्याचदा नुसता चिखल.
आणि मग आठव्या खेपेला, नाहीतर तेविसाव्या,
काठाशी येता येता चमकायचा
रुपया.

कधी येईल त्याचा हिशोब लागला असता
तर वेळेवर घरी गेलो असतो.
घाटावरचे दिवे लागायचे, आई हाका मारून थकायची,
आता शेवटचं, म्हणायचो,
आणि शेवटच्या नंतरचं टाकायचो.

फार उशिरा कळलं,
दहाचं नाणं चुंबकाला चिकटतच नाही.
पाचाचं पिवळंही नाही.
आमची सुतळी त्यांना घासून रिकामी वर येत होती
इतकी वर्षं.

गेल्या महिन्यात कामावरून सुटून गेलो.
नवी पोरं, तसंच चुंबक.
खिशातले सुट्टे रुपये गुपचूप सोडले
त्यांच्या सुतळ्या पडत होत्या तिथेच.
दोन दिवस प्रत्येक खेपेला रुपया!
पोरं नाचली.
तिसऱ्या दिवशी मी नुसता पायरीवर बसलो.
चारदा टाकलं त्यांनी, पाचव्यांदा
सुतळी गुंडाळून चालती झाली.
मला रागच आला.
हिरामण असता तर म्हणाला असता,
तूच बिघडवलीस.

बाप माझा तांबट.
आठव्या वर्षापासून त्याच्यासमोर बसून हंडे मठारले.
तो बघायचा, बाजूला ठेवायचा,
पुढचा सरकवायचा.
एकदाच, लग्नसराईच्या घाईत,
काठावरून अंगठा फिरवून
"हं" म्हणाला.

बास, तेवढंच.
त्यानंतर बारा वर्षं मठारत राहिलो.

तांबंही चिकटत नाही चुंबकाला.

आता तो नाही. मी सातपूरच्या कंपनीत,
मशीनवरून पार्ट उतरला की
कडेवरून अंगठा फिरवतो,
आणि कुणाचं लक्ष नसताना
दहा मोजतो.