उजवीकडे वळायचं तर

कॉलिन्स स्ट्रीटवर तारांना लटकलेली पाटी
मी तिला मोठ्यानं वाचायला लावतो:
उजवं वळण फक्त डावीकडून.
देस्पिना दोनदा वाचते, मग माझ्याकडे बघते,
गल्ल्यावर खोटी नोट सरकवणाऱ्याकडे बघावं तसं.

वय अडुसष्ट. नॉर्थकोटच्या दुकानात
चाळीस वर्षं ऑलिव्ह तोललेला हात
स्टिअरिंगवर अजून बसत नाही.
मागच्या सीटवर थनासिस. गाडी त्याची.
हल्ली जिकडे बघावं तिथे मधोमध राखाडी डाग,
जग फक्त कडेकडेनं उरलेलं,
तरी सूचना चालूच: "आरसा! गियर! अगं, ट्राम!"

डावी लेन धर, म्हणतो मी. सिग्नल मात्र उजवा दे.
झेब्रा ओलांड. आणखी थोडं पुढे. कडेला लागून उभी राहा.
रूळ मोकळे ठेव, ते ट्रामचं अंगण.
"आता?"
आता थांब.

चौकाच्या पोटात थांबणं सोपं नसतं.
एकशे नऊ नंबर घंटा बडवत जाते,
सरळ जाणारे उजव्या अंगानं निघून जातात,
एकजण उगाच हॉर्न मारतो.
सायगॉनला आम्ही थांबत नसू.
नजर समोर, पावलं एका लयीत,
स्कूटरींचा लोंढा आपोआप फाकायचा.
थांबायचं मी इथे शिकलो, बत्तिसाव्या वर्षी,
पेपरमिंट चघळणाऱ्या एका रागीट बाईंकडून.
त्या म्हणायच्या, थुआन,
घाई तुझी आहे, चौक तुझा नाही.

"हिरवाच आहे ना अजून?" थनासिस पुढे वाकतो.
"मग जात का नाहीस?"

ती मान वळवत नाही.
"हा आपला हिरवा, थनासी.
आपण त्यांच्या हिरव्यासाठी थांबलोय."

पिवळा. लाल. क्वीन स्ट्रीटचा दिवा बदलतो.
पाठीवर चेलो घेतलेली एक मुलगी
झेब्र्यावर धावत सुटते;
देस्पिना ब्रेकवर पाय ठेवून तिला जाऊ देते,
चेलोसकट, आणि मगच
सगळा चौक एकाच वळशात
हळूच गुंडाळून घेते.

श्वास तिनं वळणावर सोडला नाही,
पुढच्या गल्लीपाशी सोडला.
उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात तीच नेणार आहे त्याला.

मागे बराच वेळ शांतता.
मग थनासिस ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटला.
ती खळखळून हसली.
मी विचारलं, काय म्हणाला?

"आरसा बघ, म्हणाला," ती म्हणाली.
एवढं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.