कोपऱ्यातली दिवेलागण

व्हरमाँटमधल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात
हीटर खोकतोय, आणि टेबलावर उताणं पडलंय
एक अख्खं गाव:
सात घरं, चर्च, गोठलेला ओढा,
लाकडं लादलेल्या स्लेजमागे चाललेलं कुणीतरी.
चेहरा नाही त्याला. तपकिरी दोन फटकारे.

शंभर वर्षं इथे संध्याकाळच होती,
मधाच्या रंगाची, जराशी चिकट.
ऱ्होडा पेल्टियर पुस्तकं जागेवर लावता लावता
रोज थांबायची हिच्यासमोर.
"याच वेळी माझे वडील करवतीच्या गिरणीतून यायचे."
गावातले म्हातारे मात्र हसायचे.
चित्रकार बाई बाहेरगावची, तिला दिशा काय कळणार?
संध्याकाळी चर्चची सावली
ओढ्याकडे पडेलच कशी!

मी काडीला कापूस गुंडाळते, जिभेवर ओला करते.
काजळीला थुंकीच लागते,
तिच्याइतकं हळुवार औषध अजून निघालेलं नाही.
व्हार्निशसाठी मग बाटलीतलं.
बोळ्यावर उतरत जातो स्टोव्हचा धूर,
कुणाकुणाच्या सिगारेटी,
आणि चहासारखं काहीतरी, ते कुठून आलं कोण जाणे.

आधी आभाळ सुटतं.
मग बर्फ. पांढरा नाहीच तो:
मोतिया, फिका गुलाबी, एका छपराखाली चक्क जांभळा.
आणि सावल्या निळ्या. इतक्या निळ्या
की माझी बोटं गार पडतात.
आपण ज्याला गवत समजत होतो
ते निळ्यावर साचलेलं पिवळं होतं, एवढंच.

धुराड्यांतून धूर सरळ वर.
सावली ओढ्याकडे, म्हणजे पश्चिमेला.
सकाळ आहे ही.
आठ वाजले असतील फार तर.
तो माणूस घरी येत नाहीये,
आत्ता निघालाय.

ऱ्होडा जिना उतरून येते, कोटसुद्धा न काढता.
बराच वेळ बघते.
"बाईनं बरोबरच काढलं होतं म्हणजे."
खुर्ची ओढते. बसते.
"मग माझे वडील कुठे गेले?"

मी बाटलीचं झाकण लावत राहते.

खाली उजवीकडे, कुंपणापाशी,
पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन मी पुसलेला नाही.
अहवालात लिहिलंय: पूर्वस्थितीचा नमुना म्हणून राखला.
तिकिटाएवढ्या जागेत माणूस मावत नाही,
हे तिलाही ठाऊक आहे.
चष्मा कपाळावर सरकवून
ती वाकून बघते.