एका बोटीत दोघे नकोत

क्लाक्सविकच्या इस्पितळात, तळघरात,
रात्री सव्वादोनला रान्वा प्लग उपटते.
मुद्दाम.
सर्व्हर दोन आहेत, एक पडला की दुसरा उभा राहील,
असं तिनेच लिहून दिलंय, सहीनिशी.

सात सेकंद मोजते.
मग सत्तर.
वरून ब्योर्ग नर्सचा फोन:
एक्सरे उघडत नाहीये गं.

दोघेही आभासीच; नावं वेगळी, पत्ते वेगळे,
दर सेकंदाला एकमेकांना 'आहेस ना?' विचारणारे.
पण मंगळवारी कधीतरी, जागा मोकळी दिसली म्हणून
धाकटा थोरल्याच्याच पेटीत राहायला आला होता,
कुणाला न सांगता.
आता हाक द्यायला कुणी नाही,
ओ द्यायलाही.

प्लग परत लावून ती नियम लिहिते, एकच ओळ:
या दोघांनी एका लोखंडात राहायचं नाही.

बोटं थांबतात.
आई धक्क्यावर, ओल्या दोरावर पाय रोवून:
आज योआनेस जाईल. हानुस उद्या, दुसऱ्या बोटीने.
किती चिडायची तेव्हा रान्वा,
समुद्र काय मोजून नेतो का?

सव्वातीन. पुन्हा उपटते.
एक, दोन, तीन, चा—
वर ब्योर्ग कुणाचं तरी मनगट
पडद्यावर मोठं करून बघते आहे.