परतीची चाल

चाकात आरे भरायचे म्हणजे
एक वरून, एक खालून,
तिसऱ्याला आडवा चौथा.
नाना पेठेत एकेचाळीस वर्षं हेच केलं.
रिम वाकडी आहे का ते डोळ्यांना कळतं,
आरा ढिला आहे का ते कानाला.
नखाने छेडायचा:
ढिला असेल तर बद्द बोलतो,
जास्त आवळलेला चिरकतो,
बरोबर असलेला फक्त सांगतो, आहे.

परवा एका शाळकरी पोरीचं मागचं चाक
स्टँडवर फिरवत होतो
आणि छत्तीस आऱ्यांतून सात सूर
(खोटं कशाला, पाच)
एकामागून एक असे आले
की पाना ठेवून पेन्सिल शोधली.
पंक्चरच्या डबीवर लिहून ठेवले.

तुमच्यासाठी.

लडकत गेला मार्गशीर्षात.
गिरणीच्या वरच्या खोलीत, त्या आकड्याला
आठही पदर अजून लोंबतात.
पोपटी त्याचा.
मंगळवारी झुंबरने सात जणांत गोफ घालून पाहिला,
चार उजवे, तीन डावे.
तिसऱ्या फेरीला निवृत्ती मेहरुनवर आदळला,
प्रभावती म्हणाली, राहू दे, चहा टाकते,
आणि खालच्या चक्कीचा आवाज
एवढा मोठा कधीच आला नव्हता.
मी पेटीमागे.
भाता तसाच उघडा, हवा जाऊ देत.

काहीतरी द्यायचं होतं तुम्हाला.
तुळशीबागेत चाळ पाहिले, आठ जोड,
भाव ऐकून परत फिरलो.
चाळ परवडेनात, म्हणून ही चाल.

आपल्या भाषेने एकाच शब्दात
दोघांना दाटीवाटीने बसवलंय,
गाण्याची ती चाल, पायाची तीही चाल.
मग मी तुमच्या पायांचंच माप घेतलं.
रोहिदासचा डावा गुडघा नवा, ससूनचा;
पाचव्या मात्रेवर काहीच ठेवलं नाही,
उघडी जागा. तिथे त्याने टेकावं.
हौसाला वळताना हसू फुटतं,
तिच्या वळणावर सूर जरा घसरवला,
म्हणजे चूक कुणाची ते कळायचं नाही.
बाबूलालला कायम घाई.
त्याच्यासाठी एक ओळ दोनदा.

खरा त्रास सोडवण्याचा.
विणलेला गोफ सोडवायचा तर
आल्या पावली उलटं जायचं,
मग चालही उलटी चालायला हवी,
शेवटाकडून पहिल्याकडे, न ठेचकाळता.
तीन रात्री गेल्या. बायको म्हणाली,
कालव्यावर जाऊन वाजवा.
पेटी कॅरिअरला बांधून गेलो.
रिक्षात एकजण झोपलेला.
उठला, शिवी दिली नाही,
म्हणाला, काका, हे उलटं का वाजवताय?

त्याला कळलं, म्हणजे जमलं नव्हतं.
आणखी दोन रात्री.
पाचव्या रात्री तो झोपेतच
पायाचा अंगठा हलवत राहिला,
येतानाही, परततानाही.

आणि एक.
ही चाल पेटीची नाही.
तोंडाने म्हणायची आहे, शब्दांवाचून.
ज्याला धाप लागेल त्याने सोडायची,
शेजारच्याने धरायची;
आठ जणांत कुणी ना कुणी म्हणत असेलच.

हो, आठ.
येत्या मंगळवारी पेटी घरीच राहील.
इतकी वर्षं भात्याआडून
तुमच्या टाचा तेवढ्या पाहिल्या.
मला नाचता येत नाही, ठाऊक आहे,
लडकतने दोनदा शिकवायला घेतलं
आणि दोनदा हात जोडले.
नखांतलं ग्रीस निघत नाही,
पोपटीला डाग पडेल.
पडू दे.
डावा चौथा मी.

पाचव्या मात्रेवर, रोहिदास,
थोडं सरकून घे.