उदाहरणाचा रकाना

टार्टूच्या कोशकचेरीत माझं काम सोपं होतं:
खेड्यापाड्यांतून आलेली पाकिटं फोडायची,
कार्डं अक्षरवार लावायची,
कोपऱ्यात परगण्याचा शिक्का.

त्या हिवाळ्यात आमचा सतरावा प्रश्न होता:
‘एखाद्या गोष्टीत जे मुख्य असतं,
बाकीचं सोलून टाकल्यावर जे हातात उरतं,
त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?
वाक्यात उपयोग करून दाखवा.’

दक्षिणेकडच्या एका मास्तरांनी लिहिलं, सार.
शाईनं, खाली दोन रेघा.
उदाहरण: ‘धड्याचं सार सांगा.’
वनरक्षक लेम्बिटनं लिहिलं, गाभा,
आणि रकान्याबाहेर, शिसपेन्सिलीनं:
‘झाड कुजायला लागतं तेही तिथूनच.’
हे मी खोडलं. नियम होता तसा.

मग मुहू बेटावरून हेल्यु पिहलाकासचं पाकीट आलं.
कागदाला मेणाचा वास.
बाई मधमाश्या पाळायच्या.
आत सहा कार्डं.

दाणा.
‘बोलण्यात दाणा नसला की जातं नुसतंच घरघरतं,
असं सासू म्हणायची. माझ्याकडे बघून.’

घेवडा.
(कचेरीत सगळे हसले. पण तिकडे म्हणतात तसं.)
‘त्याच्या म्हणण्यात घेवडा आहे खरा,
पण तो शिजायला रात्र जाते.’

मगज.
‘चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात धक्क्यावर उभी होते,
वारा हाडांच्या मगजापर्यंत गेला.’

इथे कुणी हसलं नाही.
कुणीतरी उठून खिडकी लावली,
ती लावलेलीच होती.

गर.
‘तो म्हणाला, सफरचंदं उतरवून ठेव, येतोच.
उतरवली. वरून लाल होती नाताळापर्यंत.
कापली तेव्हा गर काळा.’

आठळी.
‘अकरा वर्षांनी पत्र आलं, गॉटलंडचा शिक्का.
चार ओळी हवेच्या, दोन गाईच्या.
आठळी कुठे आहे ते दाताखाली शोधते आहे.’

सहाव्या कार्डावर
शब्दाचा रकाना कोरा.
उदाहरणाच्या रकान्यात, त्याच ठसठशीत अक्षरात:
‘बोटीत एकाचीच जागा होती.’

मी कार्ड उलटंपालटं केलं.
दिव्यासमोर धरलं.
खोडलेलं काही नव्हतं, दाबून लिहिलेलं काही नव्हतं.
डब्यात कुठल्या अक्षराखाली ठेवणार हे?

संपादक चष्मा पुसत म्हणाले,
‘शब्दच नाही, तर कोशात जाणार कसं?’
मग पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसून,
‘आणि शब्द असता, तरी गेलं नसतं.’

कोश छापून आला तेव्हा
तिच्या सहांतलं एक उरलं होतं:
घेवडा, नाम, मुहू परगणा,
पाहा: दाणा, सार, गाभा.
उदाहरण: ‘त्याच्या म्हणण्यात घेवडा आहे.’
शिजायची रात्र जागेअभावी गाळली.

त्याआधीच, मार्चात, मी तिला रीतसर चिठ्ठी पाठवली होती.
छापील नमुना, मोकळ्या जागा भरलेल्या:
‘आपल्या क्रमांक सहाच्या कार्डावर
शब्द लिहायचा राहिला आहे.
कृपया कळवावे.’

एप्रिल गेला. बर्फ नदीतून वाहून गेलं.
जूनच्या शेवटी, वर्षातली सर्वांत छोटी रात्र उलटल्यावर,
खोक्यात भुसा भरून मधाची बरणी आली.
झाकणाला दोरा, दोऱ्याला
आमच्याच कचेरीचं एक कोरं कार्ड,
त्यावर दोनच शब्द:

‘राहिला नाही.’

मी व्याकरणाची माणूस.
वाक्यात कर्ता नव्हता.
विचारायला पुन्हा चिठ्ठी लिहायची होती,
तसा छापील नमुना नव्हता आमच्याकडे.

मध दाट होता, किंचित कडवट,
ऑगस्टपर्यंत पुरला.