चुनी

उदगीरला आमच्या डाळमिलच्या मागं
चुनीच्या खोलीला लोखंडी कडी होती.
खाजामियाँची शेळी पहिल्यांदा तिथं आली
ती शिंग खाजवायला. चोरी तिच्या मनात नव्हती.
कडी निसटली, दार किलकिलं झालं,
आणि तुरीची चुनी, तोंडभर.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंत चाटली, चौकट चावली,
खूर आपटले, गोल फिरली,
मग केव्हातरी शिंग.
पंधरा दिवसांत भिंत गळाली, चौकट गळाली, फिरणं गळालं.
उरलं शिंग, उरली कडी.
हमाल हसायचे, "शाळा शिकायली बघा."

मी कुलूप घातलं.
त्या दिवशी तिनं दार फोडायचंच तेवढं ठेवलं.
मग रोज थोडं कमी. मग येईनाच.
दिवाळीच्या गडबडीत कुलूप लावायचं राहिलं,
एकदाच.

आता तिला कुलूप दिसतच नाही.

"दोन लगावून बघा, मालक," खाजामियाँ म्हणाले.
लगावल्या.
ती मला टाळायला शिकली,
दार टाळायला नाही.

अण्णा काट्यापाशी बसायचे.
मी नऊ वर्षांचा असेन.
झाडून गोळा केलेल्या डाळीचं गाठोडं
हातात तोलून म्हणालो, "चार किलो दोनशे."
काटा डुलला, डुलला,
चार-दोनशेवर थांबला.
पाठीवर त्यांचा हात.
तंबाखूचा वास, अंगठीचा गार कडा.
"बरोबर हाय की रे!"

त्यानंतर कधी नाही.

त्यानंतर मी टरबुजं तोलली, दप्तर तोललं,
गॅसची टाकी, बायकोची माहेरची बॅग,
तासाभराची लेक: दोन किलो सातशे.
नर्स म्हणाली, दोन सहाशे ऐंशी.
मी दाराकडं बघत होतो,
अण्णा अजून बसमधून उतरायचे होते.

परवा लातूरच्या दवाखान्यात
त्यांना स्ट्रेचरवरून उचलून खाटेवर ठेवलं
आणि तोंडून निघून गेलं,
"एकेचाळीस."
वॉर्डबॉय बघायला लागला.
अण्णांचे डोळे मिटलेले.
हात हलला.

चादर ओढायला असंल.

मी त्यांना पुन्हा उचललं,
उशी सारखी करायला.
उशी सारखीच होती.