काळी चारच्या अलीकडे

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर,
गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी एसी बंद करावा लागतो.
ऑगस्टात. खिडकीला गादी उभी लावून.
मी दुसरी पाळी संपवून हॉस्पिटलातून येते, बारा वाजलेले,
हा न्हाणीघरात स्टुलावर, कमरेला टॉवेल,
गिटारवर घाम ठिबकतोय,
आणि बोटानंच मला खूण:
चप्पल काढू नकोस, चौदावा टेक आहे.

नाव विश्राम.
सासूबाईंनी ठेवलं. त्यांना काय ठाऊक.

दिवसा सलमाबादच्या गॅरेजात गाड्या रंगवतो.
डब्याच्या तळाशी उरतं ते घरी येतं,
त्यातून सीडीची कव्हरं:
दोनशे प्रती, दोनशे वेगळी चित्रं,
एकावर कुणा वकिलाच्या लेक्ससचा मोतिया पांढरा,
एकावर टॅक्सीचा नारिंगी.
एकसष्ट खपल्या.
बाकीच्या पलंगाखाली आहेत, आणि पलंगाचा पाय मोडल्यापासून
आम्ही झोपतोच त्यांच्यावर.

जुफैरच्या हॉटेलात दोन वर्षं वाजवलं.
काळा शर्ट, दुसऱ्यांची गाणी, पहाटे दोनपर्यंत.
पैसे चांगले होते, फ्रिज त्याच पैशांचा.
एका रात्री मध्येच स्वतःचं एक घुसवलं.
मॅनेजर म्हणाला, हे कुणाचं?
हा म्हणाला, माझं.
मॅनेजर म्हणाला, मग नको.
हे सांगताना विश्राम हसतो.
मला अजून जमलेलं नाही.

मंडळाच्या गणपतीतही एकदा बोलावलं होतं.
दुसऱ्या कडव्याला खजिनदारांनी प्लग काढला,
रोहेलियो बिचारा एकटाच ड्रम बडवत राहिला दोन मिनिटं,
त्याला वाटलं, हे आपल्यात असंच असतं.
प्रसादाच्या रांगेत एक बाई हळूच म्हणाल्या,
मिस्टरांना बरं नाही का?

मग जासिम, जो बास वाजवतो,
आम्हाला मुहर्रकला त्याच्या आजोबांकडे घेऊन गेला.
ऐंशीच्या पुढचा म्हातारा, बशीत खजूर, पायात मोजे.
त्याचा बाप मोत्यांच्या नावेवर गायचा.
बुडी मारायची नाही, शिंपले फोडायचे नाहीत,
वल्ही चालू राहावीत म्हणून
नुसतं गायचं.
वाटा मिळायचा का त्याला? मी विचारलं.
व्यवहाराचं मीच विचारते.
जासिमनं अरबीत सांगितलं, म्हातारा माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी विचारलंय, समुद्रात पाणी होतं का.

परतताना पुलावर विश्राम काही बोलला नाही.
सिग्नल हिरवा झाला तरी
स्टिअरिंगवर बोटं वाजत होती, मागून हॉर्न.

त्या रात्रीपासून त्यानं एसी बंद करणं सोडलं.
गिटारच त्या घरघरीला जुळवून घेतली:
पांढरी पाचच्या थोडी वर, काळी चारच्या अलीकडे,
पेटीत ज्या सुराला पट्टीच नाही तिथं.
रोहेलियो म्हणाला, वेडा झालास.
जासिम काही न बोलता
खुंट्या पिळायला लागला.

आता त्याची सगळी गाणी आमच्या घराच्या सुरात आहेत.
दुसऱ्या कुठल्या वाद्यासोबत बसत नाहीत.
त्याचे केस पुढून गेले, ऐकू उजव्या कानानं कमी येतं,
यंदाच्या सीडीच्या नव्वद प्रती काढल्या.
कव्हराला रुग्णवाहिकेचा लाल.
तो मीच मागून आणला.

जुलैत बिल्डिंगची वीज गेली.
एकेक मजला गप्प होत खाली उतरला,
पोरं रडायला लागली, जिन्यात मोबाइलचे उजेड.
विश्राम अंधारात खालची तार छेडत बसला,
एकच, पुन्हा पुन्हा, ती विझायच्या आत पुन्हा.

शेजारचा कुंजुमोन बनियनवर दारात आला,
घाम पुसत, आशेनं:
चेची, तुमच्याकडे करंट आला?

मी बोटानं खूण केली.
चप्पल काढू नकोस.